चाळीस प्रती, आठ कोपरे: बडोद्यातल्या एका घरच्या अल्बमवरून केलेली झीन

बडोद्यात दांडिया बाजारच्या एका मराठी घरात आजींचे सहस्रचंद्रदर्शन माघात ठरले होते. येणाऱ्या प्रत्येक घराला आठवण म्हणून काहीतरी द्यायचे, आणि ते स्टीलचा डबा किंवा चांदीचे नाणे नसावे, असा नातीचा आग्रह होता. घरात काळ्या पानांचा एक जुना अल्बम होता. त्यावरून एक छोटी पुस्तिका करायची, ४० प्रती, सहा आठवड्यांत, छपाई सोडून बाकी सगळे घरी आणि हाताने, असे ठरले. नातीच्या शब्दांत, झीन.

झीन म्हणजे काय, हे घरातल्या मोठ्यांना सांगायला वेळ लागला नाही. शाळेतला किंवा गणेशोत्सवातला हस्तलिखित अंक आपल्या पिढ्यांनी पाहिलेला आहे. फरक इतकाच की हस्तलिखिताची प्रत एकच असते आणि झीनच्या प्रती थोड्या पण अनेक असतात. म्हणून हाताचे काम किती आणि यंत्राचे किती, हे आधी ठरवावे लागते. त्या एका निर्णयावर या प्रकरणातले बाकीचे सगळे निर्णय अवलंबून होते.

अल्बमची मोजदाद

अल्बम २४ पानांचा, म्हणजे ४८ पृष्ठांचा. पाने जाड काळ्या कागदाची, दोन पानांमध्ये कोळ्याच्या जाळ्याची नक्षी उठवलेला बटर पेपर, बाजूने गोफ ओवून बांधलेला. आत १३१ फोटो, सन १९६१ ते १९७९ दरम्यानचे, आणि त्यांच्या आधीचा एकच फोटो. शिवाय १४ जागा रिकाम्या: चार कोपरे चिकटवलेले, खाली पांढऱ्या शाईने ओळ लिहिलेली, फोटो नाही.

पहिली यादी नातीने फोटोंची केली. ती पुरेशी नव्हती. अल्बमवरून काही करायचे तर फोटोंइतकीच बाकीच्या गोष्टींची यादी लागते: कोपरे किती आणि कोणत्या रंगाचे, ओळी कोणाच्या अक्षरात, कुठल्या पृष्ठावर चार फोटो आणि कुठल्या पृष्ठावर एकच, कुठे फोटो तिरका लावलाय, कुठे पृष्ठ मुद्दाम कोरे सोडलेय. ही दुसरी यादी करायला दोन दिवस गेले, आणि झीन उभी राहिली ती तिच्यावर. नुसते फोटो हवे असतील तर ते फोनवर पाठवता येतात. त्यांना पुस्तिका लागत नाही.

बहुतेक फोटो १२० फिल्मवरच्या चौरस निगेटिव्हचे कॉन्टॅक्ट प्रिंट, म्हणजे निगेटिव्ह थेट कागदावर ठेवून त्याच मापात काढलेले, होते: चित्र साधारण ५.६ सेंटिमीटर, भोवती पांढरी किनार, एकूण ६ सेंटिमीटर चौरस. घरातला कॅमेरा अ‍ॅग्फा क्लिक-३. हा कॅमेरा बडोद्यातच, न्यू इंडिया इंडस्ट्रीजच्या कारखान्यात बनत असे, त्यामुळे शहरातल्या असंख्य घरांत असेच प्रिंट सापडतात. चौरस चित्रांच्या हिशेबाने १२० च्या एका रोलमध्ये १२ फोटो येतात. फिल्म महाग, म्हणून रोल महिनोन्‌महिने कॅमेऱ्यात पडून असे. याचा संपादनाला थेट उपयोग झाला. स्टुडिओने पाठीवर पेन्सिलीने लिहिलेला नंबर जुळवत गेले की एका रोलचे फोटो हाती येतात, आणि एका रोलमध्ये दिवाळी, कोणाचे तरी डोहाळजेवण, कमाटीबागेतली दुपार आणि उन्हाळ्यात अगाशीवर वाळत घातलेले पापड असे सगळे शेजारी येते. झीनचा क्रम आधी सालांप्रमाणे लावला होता, तो बदलून रोलप्रमाणे लावला. सालांच्या क्रमात लग्न, बारसे, मुंज, लग्न असे समारंभच ओळीने येत राहिले. रोलच्या क्रमात घर दिसायला लागले.

पाठीवरचे अक्षर

कोपऱ्यांत अडकवलेले ८३ फोटो सुटे होते, बाकीचे खळीने घट्ट चिकटवलेले. चिकटवलेले फोटो उचकटायचे नाहीत, हा नियम. खळ सुटण्याआधी फोटोचा कागद सुटतो, आणि फोटोच्या पाठीचा अर्धा थर अल्बममध्येच राहतो. कोपऱ्यांतला फोटो काढतानाही फोटो वाकवायचा नाही, खालचे काळे पान किंचित वाकवायचे, म्हणजे फोटोचा एक कोन आपोआप मोकळा होतो. जुन्या प्रिंटवरचा जिलेटिनचा थर ठिसूळ झालेला असतो, वाकवला की पांढरी चीर पडते आणि ती कायमची. प्रत्येक सुटा फोटो नंबर घातलेल्या कागदी पाकिटात ठेवायचा. फोटोच्या पाठीवर बॉलपेनने काही लिहायचे नाही, दाब पुढच्या बाजूला उमटतो.

८३ पाठी पाहिल्यावर या प्रकल्पाचा खरा विषय सापडला. १९६१ च्या आधीचा तो एकच फोटो स्टुडिओच्या पुठ्ठ्यावर बसवलेला, पगडी घातलेले आजींचे सासरे. त्याच्या मागे दोन ओळी मोडीत. घरात कोणालाच त्या वाचता येत नव्हत्या. मोडी जाणणाऱ्या एका ओळखीच्या गृहस्थांकडून वाचून घेतल्या तेव्हा नाव, तिथी आणि ‘मुक्काम अमरेली’ एवढेच निघाले. अमरेली बडोदा संस्थानचा प्रांत होता, आणि सासरे संस्थानच्या नोकरीत. पुढच्या पिढीच्या, म्हणजे आजींच्या, ओळी बाळबोधीत: ‘सूरसागर, चि. बाळ व वन्सं’. सत्तरच्या दशकातल्या शेवटच्या पानांवर ओळी गुजराती लिपीत आहेत, भाषा मात्र मराठीच. मुले गुजराती माध्यमात शिकत होती, त्यांना हाताला सोपी ती लिपी. मोडी, बाळबोध, गुजराती: एका घराचे तीन पिढ्यांचे बडोद्यातले राहणे या तीन अक्षरांत उतरले आहे, आणि नुसते फोटो पाहणाऱ्याला त्यातले काहीच दिसत नाही.

म्हणून ठरले की झीनमध्ये एकही ओळ टाइप करायची नाही. छापील अक्षर फक्त शेवटच्या पृष्ठावर, लिप्यंतर म्हणून.

काळ्या पानावरचे पांढरे अक्षर उचलायची पद्धत सोपी आहे. ओळ ६०० डीपीआयवर (इंचाला ६०० ठिपके) करड्या छटांत स्कॅन करायची, उलटी करायची म्हणजे पांढऱ्याचे काळे होते, मग फोटो-संपादनाच्या सॉफ्टवेअरमधल्या लेव्हल्समध्ये पार्श्वभूमी पूर्ण पांढरी होईपर्यंत ओढायची. इथे घाई केली की बारीक रेघा तुटतात: आजींचा टाक उचलताना जिथे शाई पातळ झालीय तिथल्या वेलांट्या आणि अनुस्वार नाहीसे होतात. पहिल्या फेरीत ‘वन्सं’चे ‘वन्स’ झाले होते. प्रत्येक ओळ मूळ पानाशेजारी धरून वाचायची, दुसरा उपाय नाही.

आजींकडून माहिती घ्यायला मूळ अल्बम समोर ठेवला नाही. पृष्ठांचे ए-३ आकाराचे झेरॉक्स काढले, फोटोंवर नंबर घातले, आणि रोज सकाळी चहानंतर अर्धा तास, फोन रेकॉर्डिंगवर ठेवून. ‘हे कोण?’ विचारले की नावांची यादी मिळते. ‘आजी, हा फोटो काढला कोणी?’ विचारले की गोष्ट मिळते, कारण काढणारा कधीच फोटोत नसतो. सूरसागरच्या फोटोबद्दल त्या म्हणाल्या, ‘अगं, तो वन्संनीच काढलाय. म्हणून तर त्यात त्यांचा हातच आलाय नुसता.’ खाली लिहिलेल्या ओळीत वन्संचे नाव का आहे, हे तेव्हा उलगडले.

काय घ्यायचे, काय नाही

२० पृष्ठांत २२ फोटो. निवडीआधीच एक नियम घरात सगळ्यांसमोर बोलून घेतला: फोटोत असलेल्या हयात माणसाने नको म्हटले तर फोटो जाईल, कारण विचारले जाणार नाही, पण त्याची जागा कोपऱ्यांसकट राहील. दोन फोटो असे गेले. कात्रीने अर्धा कापलेला आणखी एक फोटो होता. तो घेण्यावरून काका आणि आत्या यांच्यात मतभेद झाला आणि शेवटी तोही वगळला. हा नियम आधी ठरला नसता तर भांडण छपाईच्या आदल्या दिवशी झाले असते. कुटुंबाच्या झीनमध्ये सर्वांत जास्त वेळ इथेच जातो, तो वेळापत्रकात धरलाच पाहिजे. सहापैकी दीड आठवडा इथे गेला.

स्कॅनिंग आणि छटा

सुटे फोटो ६०० डीपीआयवर. ५.६ सेंटिमीटरच्या चित्रातून साधारण १३२० पिक्सेल मिळतात, ३०० च्या हिशेबाने ते सुमारे ११ सेंटिमीटरपर्यंत नीट छापता येते. ज्या सहा फोटोंतला तुकडा मोठा करून दाखवायचा होता (दारावरचे तोरण, सायकलचा कॅरिअर, वन्संचा हात) ते १२०० वर. चिकटवलेल्या फोटोंची पृष्ठे कॅमेऱ्याने टिपली. कॅमेरा पृष्ठाला समांतर आहे का हे पाहायला पृष्ठाच्या मध्यावर छोटा आरसा ठेवायचा. लेन्सचे प्रतिबिंब चौकटीच्या बरोबर मध्ये दिसले की समांतर.

काळे-पांढरे फोटोसुद्धा रंगीत मोडमध्ये स्कॅन करावेत. रंगीत स्कॅनचे लाल, हिरवा आणि निळा असे तीन चॅनेल, म्हणजे थर, असतात. पिवळे डाग निळ्या चॅनेलमध्ये ठळक आणि लाल चॅनेलमध्ये जवळजवळ अदृश्य असतात. नुसता लाल चॅनेल घेतला की डाग पुसत बसावे लागत नाही. दोन फोटोंच्या गडद कडांना आरशासारखी निळसर चमक होती, चांदी पृष्ठभागावर आल्यामुळे. ती काढण्याचा प्रयत्न केला नाही. शेवटच्या पानांवरचे काही फोटो खरखरीत पोताच्या कागदावर होते. तिथे स्कॅनरचा प्रकाश एका बाजूने पडून दाण्यांच्या सावल्या येतात. असा फोटो एकदा सरळ आणि एकदा १८० अंशांत फिरवून स्कॅन करायचा, दुसरा स्कॅन उलटा फिरवून पहिल्यावर निम्म्या पारदर्शकतेने बसवायचा. सावल्या एकमेकींना खोडतात.

छपाई डिजिटल लेसरवर, रावपुऱ्यातल्या दुकानात. दुकानदार सवयीने रंगीत मोडमध्ये छापतो. जुन्या फोटोला ऊब येईल या समजुतीने पहिला नमुना तसाच काढला होता. चार रंगांतून बनलेला करडा रंग कधी हिरवट झाला, कधी गुलाबी, आणि दहा प्रतींत दहा छटा आल्या. नंतर फक्त काळ्या टोनरने, पण किंचित पिवळसर नॅचरल शेड कागदावर छापले. ऊब कागदातून आली आणि सगळ्या प्रती एकसारख्या निघाल्या. टोनर गडद भागात पसरतो, म्हणून सर्वांत काळी छटा ९० टक्क्यांवर आणि सर्वांत उजळ ५ टक्क्यांवर आणून ठेवली. तरीही नऊवारीतल्या चारचौघींच्या गटाच्या फोटोत चेहरे बुडत होते. तिथे चेहऱ्यांपुरती मधली छटा वेगळी उचलावी लागली. यासाठी एकाच ए-३ कागदावर एकच फोटो सहा वेगवेगळ्या छटांत छापून घ्यावा आणि दिवसाच्या उजेडात पाहावा. पडद्यावर पाहून ठरवलेली छटा कागदावर फसतेच.

काळे पान छापायचे की नाही

घरच्यांची पहिली इच्छा होती की सगळी पाने काळीच असावीत. तीन मार्ग तपासले.

पूर्ण पृष्ठ काळ्या टोनरने भरले तर ते चकाकते, समोरच्या पृष्ठावर घासून डाग पाडते आणि घडीवर टोनरचा थर फुटून पांढरी रेघ दिसते. पहिल्या डमीत, म्हणजे नमुना म्हणून बांधलेल्या प्रतीत, हे तिन्ही झाले. दुसरा मार्ग खऱ्या काळ्या कागदावर फोटो कोपऱ्यांनी लावण्याचा. २२ फोटो, ४० प्रती म्हणजे ८८० फोटो आणि ३५२० कोपरे, हे सहा आठवड्यांत घरच्या चार माणसांना होणारे नव्हते. शिवाय लावलेल्या फोटोंनी पुस्तिकेचे पोट फुगते. जुन्या अल्बमांत शिवणीकडे कागदाच्या अरुंद पट्ट्या घालून ती जाडी भरून काढलेली असते. घडी घालून शिवलेल्या पुस्तिकेत तशी सोय नाही.

तिसरा मार्ग निवडला: २० पृष्ठे नॅचरल शेडवर छापलेली आणि मध्यभागी एकच घडी खऱ्या काळ्या कागदाची. फोटो मूळ मापात, ६ सेंटिमीटर. वयस्कर मंडळींना दिसणार नाही म्हणून मोठे करा, असा दबाव बराच होता. पण मूळ मापात बोटाने धरायचा फोटो असतो, मोठा केला की तो भिंतीवरचा होतो. तोड अशी काढली की डाव्या पृष्ठावर मूळ मापाचा फोटो आणि सहा ठिकाणी उजव्या पृष्ठावर त्यातलाच एक तुकडा मोठा. हा निर्णय आम्हाला सगळ्यांत योग्य वाटतो. मोठा तुकडा पाहिल्यावर माणूस परत लहान फोटोकडे वळतो आणि मग तो नीट पाहतो.

कागद, घडी, बेरीज २१

अल्बम आडवा म्हणून झीनही आडवी: १४८ × २१० मिलिमीटर. त्यासाठी ए-३ कागदाचे लांबीत दोन पट्टे करायचे, प्रत्येक १४८ × ४२०, आणि मध्ये घडी. एका पट्ट्याची चार पृष्ठे, पाच पट्ट्यांची वीस. एका पट्ट्याच्या एका बाजूवर शेजारी येणाऱ्या पृष्ठांची बेरीज नेहमी २१: २० आणि १, मागे २ आणि १९, मग १८ आणि ३, मागे ४ आणि १७, असे करत १२ आणि ९, मागे १० आणि ११. कागदाचा तुकडा घेऊन छोटी डमी घडवून त्यावर नंबर घातले तर चूक होत नाही.

एका ए-३ वर वर-खाली एकच पट्टा दोनदा बसवला. म्हणजे पाच मांडण्या, प्रत्येकी २० कागद, एकूण १०० कागद. नासाडी धरून १२० घेतले. दोन्ही बाजूंना छापताना कागद आखूड कडेवर उलटायला सांगायचे. दुकानात लांब कडेची सेटिंग होती, पहिले चार कागद मागून उलटे आले. पुढची-मागची छपाई एक-दोन मिलिमीटर इकडेतिकडे होतेच, त्यामुळे फोटोभोवती चौकटीच्या रेघा काढल्या नाहीत. फोटोची पांढरी किनार मात्र जपली, तिच्या कडेला १० टक्के करड्याची पुसट रेघ घातली, नाहीतर पिवळसर कागदात किनार विरून जाते.

ग्रेनचा, म्हणजे कागदातल्या तंतूंच्या दिशेचा, घोटाळा इथेच झाला. दुकानातल्या तयार ए-३ कागदाचा ग्रेन लांबीच्या दिशेने होता आणि आपली घडी त्याला आडवी. अशी घडी फुटते, आणि पुस्तिका टेबलावर ठेवली की आपोआप उघडून उभी राहते. ग्रेन ओळखायला कागद दोन्ही दिशांनी हलकेच वाकवून पाहायचा, ज्या दिशेने सहज वाकतो त्या घडीला तो समांतर. उपाय म्हणून १२० जीएसएमचे (चौरस मीटरला १२० ग्रॅम वजनाचे) २३ × ३६ इंचाचे पूर्ण शीट घेतले आणि कापून घेताना ए-३ ची आखूड बाजू शीटच्या लांबीच्या दिशेत ठेवायला सांगितले. एका शीटमधून तीनच कागद निघतात, ४० शीट लागले. नासाडी होते, पण पुस्तिका बंद राहते. मुखपृष्ठाला अहमदाबादच्या साबरमती आश्रमातल्या कलमखुशचा हातकागद घेतला. हातकागदाला ठळक ग्रेन नसतो, तो प्रश्नच आला नाही.

घडी दोन टप्प्यांत: स्टीलची पट्टी धरून बोथट सुईने रेघ ओढायची, मग दुमडून चमच्याच्या पाठीने दाबायची. चमचा थेट छपाईवर घासला की टोनर चकाकतो, मध्ये साधा कागद ठेवावा.

मधली काळी घडी

काळ्या कागदाचे तीन नमुने तपासले. ओल्या पांढऱ्या कापसाने घासून पाहिल्यावर स्वस्त कार्डशीटचा रंग उतरला. घामेजलेल्या बोटांनी तो शेजारच्या पृष्ठांवर गेला असता. पेस्टल शीटचा उतरला नाही, ते घेतले.

काळ्या घडीला बाहेरून बटर पेपरची एक घडी. बटर पेपर चिकटवायचा नाही. पाण्याच्या कुठल्याही गोंदाने तो सुरकुततो. तो शिवणीतच धरायचा. उघडताना पृष्ठ १० नंतर बटर पेपर, त्यातून धूसर दिसणारे काळे, मग काळी मधली दुपान: डावीकडे खरा फोटो चार कोपऱ्यांत, उजवीकडे चार रिकामे कोपरे, दोन्हींखाली पांढरी ओळ.

खरे फोटो डिजिटल लॅबमधून. ८ × १२ इंचाच्या एका प्रिंटवर ६ सेंटिमीटरचे १५ फोटो बसतात, तीन प्रिंटांत ४५. लॅबला ‘फिट’ किंवा ‘ऑटो करेक्शन’ नको हे लिहून द्यावे, नाहीतर माप बदलते आणि करड्या छटा उजळून येतात.

कोपरे घरी केले, प्रत्येक प्रतीला आठ, एकूण ३२०, जास्तीचे ३०. काळ्याच कागदाची १२ मिलिमीटर रुंद पट्टी, त्यातून ३० मिलिमीटरचे तुकडे. तुकड्याच्या वरच्या कडेच्या मध्यावर टोक येईल अशी दोन्ही टोके खाली दुमडली की त्रिकोण होतो, खाली उरलेले शेपूट कापायचे. जाड पेस्टल शीटचे कोपरे नीट बसेनात, दुमड फुगत होती. ७० जीएसएमच्या काळ्या कागदाचे केले. ३५० कोपऱ्यांना दोन माणसांच्या दोन संध्याकाळी. चिकटवायला ६ मिलिमीटरची दुहेरी टेप. फेव्हिकॉल पातळ करून पाहिला होता, पण कागद ओला होऊन उचलला गेला आणि बाहेर आलेला थेंब काळ्यावर पांढरट चकाकत राहिला. फोटो आधी कोपऱ्यांत घालायचा, मग चारही कोपरे फोटोसकट जागेवर दाबायचे. कोपरे आधी चिकटवून फोटो नंतर घालायला गेले की अर्धा मिलिमीटरही नडतो.

खालच्या पांढऱ्या ओळी आजींनी स्वतः लिहिल्या, पांढऱ्या जेल पेनने, सुट्या कागदांवर, शिवण्याआधी. रोज आठ कागद, पाच दिवस. पाच कागद जास्तीचे ठेवले होते, त्यांतले तीन लागले. शाई पाच-सात मिनिटे ओली राहते, म्हणून कागद एकावर एक न ठेवता पलंगावर पसरले. पहिल्या दिवसाचे अक्षर ताठ आहे, पाचव्या दिवसाचे सैल आणि जास्त त्यांचे. एकाही प्रतीचे अक्षर बदलले नाही.

शिवण आणि कटिंग

मूळ अल्बमासारखा बाजूने गोफ ओवण्याचा विचार होता. डमी करून पाहिली: शिवणीकडे १८ मिलिमीटर जातात आणि पुस्तिका सपाट उघडत नाही. जुन्या अल्बमच्या प्रत्येक पानाला शिवणीजवळ दुमडीची रेघ असते, म्हणून तो उलगडतो. त्याऐवजी पाठीवर तीन छिद्रांची शिवण, वरून २०, ७४ आणि १२८ मिलिमीटरवर. पुठ्ठ्याचा साचा करून दाभणाने आतून बाहेर छिद्रे पाडायची, सगळ्या घड्या एकत्र धरून. दोरा जाड लाल सुती, प्रतीला ४५ सेंटिमीटर, मेण लावलेला. सुई बाहेरून मधल्या छिद्रात, आतून वरच्याकडे, तिथून बाहेर, पाठीवरून थेट खालच्या छिद्रात, आतून परत मध्ये आणि बाहेर. दोन टोके पाठीवरच्या लांब टाक्याच्या दोन बाजूंना घेऊन गाठ. गाठ बाहेर राहते आणि टोके गोंड्यासारखी लोंबतात, अल्बमच्या गोफाची आठवण तेवढी राहिली. दोरा ओढताना पाठीच्या दिशेत ओढायचा. आडवा ओढला की बटर पेपर छिद्रापासून फाटतो. तीन प्रतींत फाटला.

घड्या एकात एक गेल्या की आतली पाने बाहेर सरकतात, इथे एक मिलिमीटरहून जास्त. म्हणून शिवल्यावर पुढची कड ३ मिलिमीटर कापायची. बाइंडरकडे कटिंग मशीनखाली ४० प्रती एकदम देऊ नयेत: शिवणीकडे गठ्ठा जाड असतो, कड तिरकी कापली जाते. पाच-पाच दिल्या. तरी पृष्ठ ७ वर आजींची एक ओळ कडेपासून फक्त ४ मिलिमीटरवर होती, ती काही प्रतींत अगदी काठाला येऊन टेकली. मांडणीत पुढच्या कडेला १२ मिलिमीटर मोकळे ठेवायला हवे होते.

समारंभानंतर

३८ प्रती वाटल्या गेल्या, दोन घरी राहिल्या. रिकाम्या कोपऱ्यांखाली आजींनी अल्बममधलीच एक ओळ लिहिली होती: ‘वन्सं, कमाटीबाग’. तो फोटो कोणीतरी कधीतरी काढून नेलेला. समारंभानंतर आठवड्याने वन्संच्या मुलीने तो पुण्याहून पाठवला. तो निघाला आडवा, ६ × ९ सेंटिमीटरचा, दुसऱ्या कुठल्यातरी कॅमेऱ्याचा, आणि चौरस मापाने चिकटवलेल्या कोपऱ्यांत बसेना. मूळ अल्बममधल्या त्या जागेचे माप कोणी घेतले नव्हते. सगळे चौरसच असणार असे धरले होते. आता घरच्या दोन प्रतींत उजवीकडचे दोन कोपरे पातळ पात्याने सोडवून ३ सेंटिमीटर सरकवले आहेत, आणि बाकीच्या ३८ घरांसाठी फोटोच्या नव्या प्रिंटबरोबर चार सुटे कोपरे, पाठीला टेप लावलेले, एका छोट्या बटर पेपरच्या पाकिटात जाणार आहेत.